क्रीडामंत्र्यांना खुले पत्र: वस्ताद घडवणारी तालीमही कोल्हापुरात काढा

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सविनय नमस्कार.

दर १५ जानेवारीला, पैलवान खाशाबा जाधवांच्या जयंतीला, राज्य क्रीडा दिन होतो. भाषणांत एक गोष्ट हमखास येते: १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला त्यांना पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. मोठीच गोष्ट. पण आधीच्या, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकची गोष्ट कुणी सांगत नाही. मातीत वाढलेल्या खाशाबांना मॅट नवी होती. तिथं रीस गार्डनर या अमेरिकन कोचनं त्यांना तयार केलं आणि ते सहावे आले. घर सगळ्यांना पाठ आहे, कोच कुणाला आठवत नाही.

मला हे टोचतं, कारण मी तालमीत गुडघा घालवलेला माणूस आहे. सतराव्या वर्षी गुडघा सुजला, तरी पहाटेच्या बैठका चालूच. वस्ताद वाईट नव्हते हो. थंडाई स्वतः घोटून द्यायचे. त्यांच्या वस्तादांनी त्यांना जे दिलं, तेच त्यांनी मला दिलं. पुढं शारीरिक शिक्षणाचं बी.पी.एड. केलं, त्यातून शाळेचा पीटीचा मास्तर झालो, कोच नाही.

खासबागेच्या आखाड्यात निकाली, म्हणजे चितपट होईपर्यंतची, कुस्ती रंगली की वेळेचं भान राहत नाही. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन राऊंड, मध्ये तीस सेकंद. दोन्हीकडचा दम वेगळा, मेहनतही वेगळी हवी. स्पर्धा जवळ आली की ती किती आणि कधी उतरवायची, हेही शास्त्र आहे. वजनाचं तर विचारूच नका. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमनं बाद झाली, तेव्हा आमच्या चौकातल्या चहाच्या गाड्यावर जो तो तज्ज्ञ. आणि इथं वजनगटात बसायला कोवळी पोरं पाणी तोडतात, भर उन्हात जर्किन घालून पळतात, त्यांना अडवणारं कुणी नसतं.

त्याच पॅरिसमध्ये आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. त्याच्या कोच दीपाली देशपांडे, स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या. असा माणूस मिळणं प्रत्येकाच्या नशिबी कुठलं?

म्हणून मागणं एकच: खेळ शिकवायचं शिक्षण देणारी पदवी कोल्हापुरात, आखाड्याला जोडून द्या. पोरानं त्यासाठी पुणं-पतियाळा का गाठावं? शरीरशास्त्र, आहार, मानसशास्त्र, व्हिडिओ बघून चुका काढणं वर्गात होऊ दे. अर्धा वेळ मात्र गंगावेस, मोतीबाग तालमींच्या हौद्यात, शाहू स्टेडियमवर, रेंजवर. वस्तादांकडं मार्कलिस्ट मागू नका. ढाक डाव कसा लावायचा ते त्यांनी शिकवावं, सुजलेला गुडघा कधी थांबवायचा ते त्यांनी शिकावं. आणि पदवी घेतलेल्याला अकरा महिन्यांच्या मानधनावर टांगून ठेवू नका, नाहीतर तोही माझ्यासारखा पीटीचा तास घेत बसेल.

पुतण्या यंदा तालमीत जायला लागलाय. आपलं उत्तर आलं तर तिथल्या फळ्यावर लावीन.

आपला,
एक माजी पैलवान, कोल्हापूर