बाक हलवायला दाखला लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडल्या की पहिल्या आठवड्यात कोण कुठे बसणार हे वर्गशिक्षक ठरवतात. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड जाणाऱ्या मुलांसाठी हा आठवडा फार महत्त्वाचा असतो, म्हणून हे पत्र.

अशा मुलाबद्दल शाळा बहुधा आधी दिव्यांगत्वाचा दाखला मागते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, पण एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. पालक कागदांमागे फिरत राहतात आणि तोवर मूल शेवटच्या बाकावर, नाहीतर वर्गाबाहेर असते. परीक्षेतल्या सवलतीला कागद लागतो हे खरे, पण बाक हलवायला किंवा सूचना तोडून द्यायला कसलाच दाखला लागत नाही.

'पहिल्या बाकावर बसवा' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो दर वेळी लागू पडत नाही. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या पाठीशी अख्खा वर्ग असतो. मागे पट्टी पडली, कोणी हसले, की ते वळते. आणि वळले की ओरडा खाते. त्यापेक्षा दुसरा बाक, भिंतीकडची रांग, दारापासून लांब आणि बाकाचे मोकळे टोक, अशी जागा बरी. तिथे उभे राहून लिहिले तरी कोणाला अडचण होत नाही आणि येता-जाता बाकावर बोट टेकवून शिक्षकांना मुलाला भानावर आणता येते, नाव न पुकारता. शेजारी शांत मूल असावे, पण त्याला राखणदार करू नये. दर पंधरा दिवसांनी शेजारी बदलावा.

'वही काढा, पान 42 उघडा, तारीख घाला आणि दुसरा प्रश्न सोडवा.' एका दमात ही चार कामे झाली. ऐकलेले डोक्यात धरून त्याप्रमाणे करत जाणे हीच या मुलांची अडचण असते. तिसऱ्या कामापर्यंत पहिली दोन निसटतात आणि आपण म्हणतो, ऐकतच नाही. एक सूचना द्यावी, पान उघडले का ते बघावे, मग पुढची द्यावी. तीच सूचना फळ्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात लिहावी. पन्नास मुलांच्या वर्गात एवढा वेळ कुठला, असे शिक्षक विचारतात. पण एरवी तीच सूचना चारदा सांगण्यात तो जातोच.

फळ्यावरून उतरवून घेताना दर दोन शब्दांनी मान वर-खाली होते आणि ओळ हरवते. अर्धा मजकूर छापील द्यावा. वीस गणितांचा कागद घडी घालून पाचच दिसतील असा द्यावा, ती तपासून पुढची पाच उघडावीत. भागाकार येतो की नाही हे आठ गणितांतही कळते. गृहपाठ तास संपण्याच्या पाच मिनिटे आधी सांगावा; घंटा वाजताना सांगितलेला या मुलांच्या वहीत उतरत नाही.

मधली सुट्टी किंवा खेळाचा तास शिक्षा म्हणून काढून घेणे सर्वांत घातक, कारण नंतरच्या तासाला चुळबुळ वाढतेच. फळा पुसणे, वह्या वाटणे ही हालचालीची कामे याच मुलांना द्यावीत, बक्षीस म्हणून नव्हे, नेमाने.

रोजचे कार्ड, म्हणजे ठरलेली उद्दिष्टे जमली का याच्या खुणा करून रोज घरी पाठवायचे कार्ड, उपयोगी पडते, पण ते बहुतेक ठिकाणी दुसऱ्या आठवड्यात बंद पडते. कारण उद्दिष्टे दहा असतात, ती 'मस्ती करणार नाही' अशी मोघम असतात आणि बक्षीस महिनाअखेरीस मिळते. उद्दिष्टे दोन-तीनच ठेवावीत, डोळ्यांना दिसतील अशी: 'हात वर करून बोललो', 'वही पूर्ण केली'. दर तासाला एक खूण. आज पाचपैकी दोन तास जमत असेल, तर पहिले लक्ष्य तीनचे, पाचचे नव्हे. बक्षीस त्याच संध्याकाळी घरी मिळावे, मग ती आवडीची गोष्ट असो की अर्धा तास जास्त खेळ. डायरीतल्या रोजच्या लाल शेऱ्यांनी मात्र घरी फक्त मार मिळतो.

मुलींकडे विशेष पाहावे. धावपळ न करता खिडकीबाहेर हरवलेली मुलगी कोणालाच त्रास देत नाही, म्हणून वर्षानुवर्षे 'आळशी' ठरते.

निदान शिक्षकांनी करू नये. बारा वर्षांच्या आधीपासून, सहा महिन्यांहून जास्त आणि शाळा-घर अशा किमान दोन ठिकाणी लक्षणे दिसतात का, हे डॉक्टर तपासतात. त्याआधी नजर, कान आणि झोप बघितलेली बरी. 'औषध सुरू करा, मगच वर्गात घेऊ' असे शाळेने कधीही म्हणू नये. औषध चालू असल्यास डबा उरतो का ते मात्र जरूर कळवावे. एडीएचडीवर दिल्या जाणाऱ्या मेथिलफेनिडेट या औषधाने भूक मंदावते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही बंदी आहे. रोज वर्गासमोर अपमान होतो, तो त्यात मोडतो असे आमचे स्पष्ट मत आहे. प्राथमिक वर्गात 30 मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही त्याच कायद्यात आहे; रिक्त पदे भरली नाहीत, तर वरचे सगळे एकट्या वर्गशिक्षकाच्या अंगावर पडते. पदे भरेपर्यंत केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी) शिक्षकांच्या येत्या शिक्षण परिषदेत एक तास यासाठी द्यावा आणि बाकांची मांडणी व रोजचे कार्ड प्रत्यक्ष करून दाखवावे, ही विनंती.

– प्राथमिक शाळांत काम करणाऱ्या काही विशेष शिक्षिका, पुणे