सायकलचं बुकिंग करायच्या आधी हे वाच

अरे राजा,

काल व्हिडिओ कॉलवर तू हळूच सांगितलंस की सूनबाईच्या वाढदिवसाला पेलोटन कंपनीची ती घरात बसून व्यायाम करायची स्क्रीनवाली सायकल घ्यायचं ठरवलंयस, सरप्राइज म्हणून, आणि मी नुसतं "बरं" म्हणाले तर तुझं तोंड एवढंसं झालं. मग म्हणालास, "आई, तुला काय प्रॉब्लेम आहे, व्यायामच तर आहे." ती शेजारच्या खोलीत होती म्हणून गप्प बसले, आता लिहिते. व्हॉट्सअॅपवर लांबलचक मेसेज बघून वैतागू नकोस, चहा घेऊन बस.

आधी पैशाचं, कारण बत्तीस वर्षं मी सहकारी बँकेत कर्ज विभागात काढलीत, तिथली सवय काही जात नाही. सायकल दीड हजार डॉलरच्या पुढे, ठीक आहे, तू कमावतोस. पण त्यावर स्क्रीनवरच्या व्यायामाच्या क्लासेससाठी दर महिन्याला सबस्क्रिप्शन. ते आधी ३९ डॉलर होतं, २०२२ मध्ये ४४ केलं, २०२५ मध्ये जवळजवळ ५०. म्हणजे वर्षाला सहाशे, पाच वर्षांत तीन हजार, सायकलच्या किमतीपेक्षा जास्त झाले की नाही? आणि समजा नाही भरले, तर पायडल फिरतं, किती फिरलात ते दिसतं, पण ज्या क्लासेससाठी एवढे पैसे मोजले ते जवळपास सगळे बंद. आमच्याकडे लोक गाडीसाठी कर्ज घ्यायचे, आरसी बुकावर बँकेचं नाव चढायचं, पण शेवटचा हप्ता भरून एनओसी घ्यायला आले ना की त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असायचा, कोणी कोणी पेढे आणायचे. ह्या सायकलची एनओसी कधी मिळते सांग मला? कधीच नाही. हप्ता संपतच नाही. लोक चिडतात ते किमतीवर नाही रे, किंमत बघून घेणारा घेतो आणि न घेणारा सोडून देतो, लोक चिडतात ते पूर्ण पैसे देऊनही वस्तू आपली होत नाही ह्यावर.

माझी लेडीज सायकल तुला आठवते ना, हिरवी, पुढे बास्केटवाली? पतसंस्थेतून कर्ज काढून घेतली होती, पगारातून कापून जायचे. फिटल्यावर माझी झाली ती झाली. तू तिच्यावरच हाफ पायडल मारत शिकलास, आमराईच्या बाहेर दोनदा गुडघे फोडून घेतलेस. नंतर कामवाल्या मावशींच्या मुलीला दिली, ती तिच्यावरून कॉलेजला गेली, मला कोणी विचारलं नाही की बाई तुमची सायकल दुसऱ्याच्या नावावर चढवायची फी भरा म्हणून. आणि ह्या कंपनीने २०२४ पासून तेच सुरू केलं, कोणाकडून जुनी सायकल घेतली आणि मेंबरशिप सुरू करायची म्हटली तर आधी ९५ डॉलर भरायचे. म्हणजे ज्याला नवी परवडत नाही म्हणून जुनी घेतोय त्याच्याच खिशात हात! हे मला फार लागलं बघ.

त्यांचंच ट्रेडमिलचं तर ऐक. मोठ्या ट्रेडमिलखाली मुलं ओढली गेली, एका लेकराचा जीव गेला, मग २०२१ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास मशीन परत मागवली. चूक झाली, सुधारली, इथपर्यंत समजू शकते. मग त्यांनी चार आकडी लॉक काढलं, मुलांनी मशीन सुरू करू नये म्हणून, आणि ते लॉक चालायचं फक्त सबस्क्रिप्शनवाल्यांचं. म्हणजे ज्याने मशीन घेतलं पण मेंबरशिप घेतली नाही त्याला स्वतःच्या घरातलं मशीन सुरूच करता येईना. लोकांनी ओरडा केल्यावर तीन महिने फुकट दिलं. तुझ्या घरात दोन वर्षांचं पोर आहे, जे रिमोटसुद्धा तोंडात घालतं, म्हणून सांगतेय.

सगळं वाईटच आहे असं नाही म्हणत मी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जिम बंद, माणूस घरात कोंडलेला, तेव्हा समोर कोणीतरी गाणी लावून "चला चला" म्हणतंय, हजारो लोक सोबत पायडल मारतायत, ह्याचा लोकांना खराच आधार झाला असणार, आणि अजूनही ज्यांना आवडते त्यांना फार आवडते. बाबा मात्र म्हणतात की पेलोटन म्हणजे शर्यतीत एकत्र जाणाऱ्या सायकलवाल्यांचा घोळका, आणि हे घोळक्याचं नाव देऊन माणसाला एकटं बेडरूममध्ये बसवतात. बाबांना असलं काहीतरी सुचतंच.

पण माझं "बरं" होतं ते पैशासाठी नव्हतंच मुळी. २०१९ मध्ये ह्या पेलोटनवाल्यांनी ख्रिसमसची जाहिरात काढली होती, नवरा बायकोला ही सायकल भेट देतो आणि ती वर्षभर स्वतःचे व्हिडिओ काढत राहते, शेवटी म्हणते की माझ्यात किती बदल झाला. ती आधीच सडसडीत! लोक इतके खवळले की एका दिवसात कंपनीचा शेअर नऊएक टक्क्यांनी पडला. मला वाटतं बायकांना बरोबर कळलं त्यात काय बोचतंय ते. न मागता व्यायामाचं मशीन दिलं की त्याचा एकच अर्थ निघतो, तुझ्या मनात तो नसला तरी. बाळंतपणानंतर तर विचारूच नकोस, तुझ्या जन्मानंतर तुझ्या आत्याने मला मापात एक नंबर कमी असलेला ड्रेस दिला होता, मी तो आजपर्यंत घातलेला नाही, आणि विसरलेलेही नाही.

शिवाय ठेवणार कुठे? साठ किलोच्या वर वजन, तुमच्या बेडरूमच्या खिडकीशी पाळणा आहे. म्हणजे ती पायडल मारणार आणि पोर पाय धरून रडणार.

उन्हाळ्यात आम्ही तुमच्याकडे अमेरिकेत एडिसनला होतो ना, तेव्हा तू ऑफिसला गेलास की ती कधी कधी बाळाला माझ्याकडे द्यायची, मोबाइल घरीच ठेवायची आणि तासभर बाहेर चालून यायची. कुठे जायची विचारलं नाही मी. एकदा तर पावसात भिजून आली आणि दारातच हसत उभी. तो चेहरा तू बघितलेला नाहीस, तू मीटिंगमध्ये होतास.

तर बुकिंग अजून केलं नसशील तर थांब, आणि सरप्राइज गेलं खड्ड्यात, तिला सरळ विचार की तुला काय हवंय. ती काय म्हणाली ते मला रविवारी सांग. मी ओळखलंय, पण तुला नाही सांगणार.

हो, आणि मेथीचे लाडू कुरिअरने निघालेत, ते तिचे आहेत, तू डब्याला हात लावू नकोस.

आई