हातमोज्यांमुळे होणाऱ्या त्वचाविकाराची नोंद व्हायला हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मिरजेची ओळख आरोग्यपंढरी अशी करून दिली जाते आणि ती रास्तच आहे. सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयांपासून गल्लीतल्या दहा खाटांच्या नर्सिंग होमपर्यंत असंख्य कुटुंबांचे पोट या व्यवसायावर चालते. त्यांतल्या परिचारिका, ड्रेसर, प्रयोगशाळेतले सहायक, वॉर्डातल्या मावशी आणि सफाई कामगार यांच्या हातांत दिवसाचे कित्येक तास रबरी हातमोजे असतात. या हातमोज्यांमुळे त्यांच्या त्वचेला जो त्रास होतो, त्याकडे आपल्याकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहत नाही. मी परिचारिका म्हणून आयुष्य वॉर्डात काढून निवृत्त झाले आहे आणि हा त्रास जवळून पाहिला आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एका खासगी रुग्णालयात माझ्या पाळीत काम करणाऱ्या मावशींचे हात मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. हाताची मागची कातडी जाड आणि काळपट झालेली, बोटांच्या पेरांवर भेगा, काही भेगांतून लस येत असे. हे सारे मनगटापाशी, जिथे हातमोज्याची कड संपते तिथे, बांगडीने रेघ ओढावी तसे थांबलेले होते. दिवाळीत माहेरी गेल्या की हात बरे होत आणि कामावर परतल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा पहिल्यासारखे होत. एवढ्या खुणा समोर असताना त्यांना सांगितले गेले ते हेच, की घरी धुणी-भांडी फार करता म्हणून हे होते. त्यांनी औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब आणली, रात्री खोबरेल तेल चोळले आणि कंत्राटदार कामावरून काढील या भीतीने तक्रार कधीच केली नाही.

हातमोज्यांचा त्रास एकाच प्रकारचा नसतो आणि उपाय चुकतो तो इथेच. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हा ॲलर्जीचा नसतोच. घाम, पुनःपुन्हा साबणाने हात धुणे, हात ओले असतानाच हातमोजे चढवणे आणि आतल्या पावडरीचे घर्षण यांनी त्वचा कोरडी पडून चुरचुरते. दुसरा प्रकार रबरातल्या रसायनांच्या ॲलर्जीचा. झाडाच्या चिकापासून टिकाऊ, लवचिक रबर बनवताना गंधकाबरोबर थायुराम, कार्बामेट, मरकॅप्टोबेंझोथायझोल यांसारखी रसायने वापरतात आणि त्यांचा थोडा अंश तयार मालात शिल्लक राहतो. ज्यांच्या शरीराला ती सोसत नाहीत, त्यांना हातमोजे घातल्यावर लगेच काही होत नाही. एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ आणि पाण्याचे बारीक फोड येतात. त्यामुळे सोमवारच्या हातमोज्यांचा आणि बुधवारच्या खाजेचा संबंध कोणाच्या लक्षातच येत नाही. मावशींची लक्षणे मला या प्रकाराची वाटत होती, पण तपासणी झालीच नाही.

तिसरा प्रकार क्वचित आढळतो, पण तोच जिवावर बेतू शकतो. चिकातल्या प्रथिनांची ही ॲलर्जी काही मिनिटांतच दिसते. अंगावर गांधी उठतात, डोळे आणि नाक वाहू लागते, धाप लागते आणि क्वचित रक्तदाब एकदम कोसळून माणूस बेशुद्ध पडतो. आपल्याकडे अशा गांधी उठल्या की पित्त उठले म्हणायचे आणि आमसुलाचे पाणी लावायचे, एवढ्यावरच बहुतेकांचे भागते. या व्यक्तींपैकी काहींना केळे, पपई, किवी किंवा ॲव्होकॅडो खाल्ल्यावरही तोंडाला खाज सुटते, कारण या फळांतली काही प्रथिने रबराच्या चिकातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. ज्यांना असा अनुभव येतो त्यांनी कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, अगदी दात काढण्यापूर्वीही, तो डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावा. शस्त्रक्रियेच्या टेबलावर केवळ शल्यचिकित्सकाच्या हातमोज्यांमुळे रुग्ण अत्यवस्थ झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत.

कोविडनंतर नायट्राइल या कृत्रिम रबराचे निळे हातमोजे सगळीकडे दिसू लागले आणि कोणी खाजेची तक्रार केलीच तर नायट्राइल घाला असे सांगून प्रश्न मिटवला जातो. चिकातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर हा सल्ला अचूक आहे, कारण नायट्राइलमध्ये ती प्रथिने नसतात. मात्र थायुराम-कार्बामेटच्या जातीची रसायने नायट्राइल बनवतानाही बहुधा वापरली जातात. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाने हातमोजे बदलले तरी हात तसेच राहतात आणि मग दोष तिच्याच माथी येतो. अशांसाठी ही रसायने न वापरता बनवलेले हातमोजे मिळतात, पण ते मुद्दाम मागवावे लागतात. कोणाला काय द्यायचे हे ठरवण्यासाठी आधी तपासणी हवी. रसायनांच्या ॲलर्जीसाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात आणि ती दोन दिवसांनी व त्यानंतर पुन्हा एकदा पाहतात. प्रथिनांच्या ॲलर्जीसाठी रक्ताची किंवा त्वचेवर सुई टोचून करायची चाचणी असते. वेष्टनावर हायपोॲलर्जेनिक (ॲलर्जीची शक्यता कमी) असे छापलेले पाहून समाधान मानू नये. असे छापलेल्या हातमोज्यांतही चिकाची प्रथिने असू शकतात.

पावडरीचा प्रश्न वेगळा आणि माझ्या मते सर्वांत तातडीचा आहे. हातमोजे सहज चढावेत म्हणून त्यांना मक्याच्या स्टार्चची पावडर लावलेली असते. चिकातली प्रथिने तिला चिकटतात आणि हातमोजे झटकून काढले की ती हवेत उडते. म्हणजे ज्याने रबराला हातही लावलेला नाही, अशा शेजारच्या माणसालाही शिंका आणि दम्याचा त्रास होऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०१७ पासून पावडरचे वैद्यकीय हातमोजे पूर्णपणे बंद केले. जर्मनीने पावडरच्या लॅटेक्स, म्हणजे झाडाच्या चिकाच्या रबराच्या, हातमोज्यांबाबत हे पाऊल त्याच्याही कितीतरी आधी उचलले आणि तिथल्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांत या ॲलर्जीच्या नव्या रुग्णांची संख्या झपाट्याने घटली. आपल्याकडे हे हातमोजे अजूनही सर्रास विकले जातात आणि थोडे स्वस्त पडतात म्हणून स्टोअरकडून तेच येतात.

आणखी दोन गोष्टी माझ्या व्यवसायभगिनींसाठी लिहिते. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावून त्यावर लॅटेक्सचे हातमोजे घालू नका; तेलाने रबर कमकुवत होऊन फाटते आणि रक्तापासूनचे संरक्षणच जाते. तेल कामावरून घरी आल्यावर लावावे. दुसरे म्हणजे दुकानातून मनाने आणलेली मलमे. त्यांतल्या बऱ्याच मलमांत तीव्र स्टेरॉइड असते; खाज चार दिवस थांबते, पण दीर्घकाळ लावल्यास कातडी पातळ होते आणि नायट्यासारखा बुरशीचा संसर्ग असेल तर तो आतल्या आत पसरतो. त्वचारोगतज्ज्ञ हीच मलमे मोजक्या दिवसांसाठी देतात तेव्हा त्यांचा उपयोग होतो.

हा प्रश्न केवळ रुग्णालयांपुरता नाही. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत रबरी हातमोजे घालून काम करणारे कामगार, तासगाव भागात द्राक्षांचे घड जीए (जिबरेलिक ॲसिड) या वाढीच्या औषधाच्या द्रावणात बुडवणाऱ्या मजूर स्त्रिया, गोठ्यात दिवसभर गमबूट घालून वावरणारी माणसे, या सर्वांना रबरातल्या रसायनांचा त्रास होऊ शकतो. बागेतल्या स्त्रीच्या हाताला पुरळ आले की दोष औषधाला दिला जातो आणि हातमोज्यांचा विचार कोणी करत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ पासून घेतलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे ज्यांची माहिती शासनाला कळवणे बंधनकारक आहे अशा आजारांच्या यादीत, रसायनांच्या संपर्काने होणारा त्वचादाह आहे आणि ॲलर्जी उत्पन्न करणाऱ्या पदार्थांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीतही कामामुळे होणारे त्वचाविकार आहेत. तरीही केस पेपरवर त्वचादाह एवढेच लिहिले जाते आणि रुग्ण काय काम करते, हातांत काय घालते, सुटीत हात बरे होतात का, हे विचारलेच जात नाही. असे रुग्ण कागदावर येत नाहीत तोवर हातमोजे खरेदी करणाऱ्यांपर्यंत ही अडचण पोहोचणार तरी कशी?

म्हणून जिल्ह्यातल्या सर्व रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना माझी विनंती आहे की पुढच्या खरेदीपासून पावडरचे हातमोजे मागवणे थांबवावे आणि तपासणीत ॲलर्जी आढळलेल्या व्यक्तीसाठी योग्य प्रकारचे हातमोजे तिच्या नावाने राखून ठेवावेत. त्वचारोगतज्ज्ञांनी केस पेपरवर रुग्णाचा व्यवसाय आणि हातमोज्यांचा प्रकार लिहावा. पॅच टेस्टसाठी आठवड्यात दोन-तीन वेळा यावे लागते आणि रोजंदारीवरच्या मावशीला तेवढे खाडे परवडत नाहीत. तिचे ते दिवस भरपगारी धरावेत आणि तपासणीत काहीही निघाले तरी तिचे काम जाणार नाही, असे कंत्राटदाराकडून करारातच लिहून घ्यावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, मिरज