फवारणीच्या वेळापत्रकात विषावरच्या उताऱ्याचाही रकाना हवा

महोदय,

आंब्याला मोहोर फुटू लागला की आमच्या राजापूर तालुक्यात सकाळी सातपासून पंपांची घरघर सुरू होते आणि टाकीत काहीही मिसळलेले असले तरी त्याला सगळे 'औषध' म्हणतात. मी सरकारी दवाखान्यात औषधनिर्माण अधिकारी होतो, त्यामुळे असेल, पण हा शब्द मला खटकतो.

गेल्या माघात शेजारच्या बागेतला नेपाळी राखणदार तुडतुड्यांसाठी फवारणी करून दुपारी खोपीत परतला, तो घामाने निथळत आणि लाळ गाळत. कोणी म्हणाले ऊन लागले, कोणी म्हणाले गडग्यातला विंचू चावला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय मारत होता?" उत्तर कोणालाच देता येईना, कारण बागायतदाराने मोठ्या डब्यातले द्रव्य पाण्याच्या बाटलीत काढून दिले होते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या पाहून डॉक्टरांनी ॲट्रोपिनचे इंजेक्शन सुरू केले आणि तो वाचला. मूळ डबा हाती लागेपर्यंत मात्र तास उलटून गेला होता.

हा प्रश्न केवळ कागदोपत्री नोंदीसाठी नसतो. आपल्या नसा पुढच्या पेशीला निरोप देतात तो ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत, आणि निरोप पोचताच एक एन्झाइम ते रसायन मोडून टाकते. डायमेथोएटसारखी सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके या एन्झाइमलाच जखडून ठेवतात. मग निरोप थांबतच नाही, लाळ, घाम, श्वासनलिकेतील स्राव वाहत राहतात, स्नायू फडफडतात आणि श्वास कोंडतो. येथे ॲट्रोपिन प्राण वाचवते, आणि जोडीला प्रॅलिडॉक्सिम दिले जाते. डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाची गोष्ट वेगळी आहे. ते नसेच्या आवरणातील सोडियमची दारे लवकर मिटू देत नाही, त्याच्यावर नेमका उतारा नाही, आणि केवळ लाळ पाहून ॲट्रोपिनचा मारा केला तर ॲट्रोपिनचीच बाधा व्हायची. इमिडाक्लोप्रिड आणखी तिसरेच. ते ॲसिटिलकोलीनच्या जागी स्वतःच जाऊन बसते, मात्र कीटकांच्या नसांवर त्याची पकड आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट असते.

विंचवाचा संशय घेणाऱ्यांना मी हसणार नाही. तांबड्या विंचवाचे विषही सोडियमचीच दारे मिटू देत नाही, रोगी तसाच घामाने भिजतो, लाळ गाळतो, ओकतो. पण पुढे ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येऊन हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी साचते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रोग्यांना प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध देऊन त्याचे निष्कर्ष 1986 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले, आणि विंचूदंशात ॲट्रोपिन हृदयावरचा भार वाढवते हेही त्यांनी पुन्हापुन्हा सांगितले. म्हणजे बागेतून आलेला घामाघूम माणूस एकच, पण एका निदानात जे इंजेक्शन तारते तेच दुसऱ्यात घात करू शकते.

कीटकनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो, परंतु तो विषाची तीव्रता सांगतो, जात नव्हे. उताऱ्याची माहिती आतल्या घडीपत्रकात बारीक अक्षरांत असते, आणि ते पत्रक बहुधा दुकानाच्या पायरीवरच पडते. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आंब्यासाठी फवारणीचे वेळापत्रक देते. त्यात पालवीपासून फळापर्यंत कोणते कीटकनाशक किती पाण्यात घालायचे हे ओळीने दिलेले असते, आणि बागायतदार ते जपून ठेवतो. त्याच तक्त्यात रसायनाचा गट, बाधेची पहिली लक्षणे आणि उतारा असेल तर त्याचे नाव, एवढा एक रकाना ठळक अक्षरांत वाढवावा, अशी माझी विद्यापीठाला व कृषी विभागाला विनंती आहे. बागायतदारांनी तो तक्ता खोपीच्या दारावर डकवावा आणि मूळ डबा, रिकामा झाला तरी, हंगाम संपेपर्यंत बागेतच कुलपात ठेवावा. राखणदारांपैकी बरेच जण नेपाळी असले तरी नेपाळीची लिपी देवनागरीच आहे. डब्यावरचे नाव त्यांना वाचता येते, पाण्याच्या बाटलीवर मात्र वाचायला काहीच नसते.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी
ता. राजापूर, जि. रत्नागिरी