इनुइट गायकांच्या पानांवरील चुकीच्या नोंदी आणि वर्गणीचा परतावा यांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जादा वर्गणीच्या लोकसंगीत विभागातील चुकीची माहिती व बिघडलेला आवाज

महोदय,

आपल्या ॲपवरचा लोकसंगीत विभाग नेहमीच्या वर्गणीखेरीज महिना ४९ रुपये जादा घेऊन मिळतो. कलाकाराचे गाव, भाषा, गीतकार आणि गाण्याचे शब्द यांची ‘तपासलेली’ माहिती मिळेल, असे जाहिरातीत म्हटले आहे. जादा पैसे या माहितीचेच. गाणी साध्या वर्गणीतही ऐकू येतात. या विभागातल्या इनुइट (कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागातले मूळ रहिवासी) गायकांच्या पानांवर ज्या चुका आहेत त्या कारणांसकट लिहितो आहोत, कारण बहुतेक चुका माणसाच्या दिसत नाहीत. नोंदी आपोआप ‘स्वच्छ’ करणाऱ्या तुमच्या यंत्रणेच्या आहेत.

सर्वांत गंभीर आधी. लुसी इडलाउट या गायिकेच्या अल्बमचे नाव ‘ई५-७७०, माय मदर्स नेम’ आहे. तुमच्याकडे फक्त मागचे तीन शब्द उरलेत. शीर्षकात अक्षर, आकडे आणि आडवी रेघ अशी जुळणी दिसली की यंत्रणा तिला ध्वनिमुद्रण कंपनीचा कॅटलॉग क्रमांक समजून छाटत असणार. जुन्या एलपींच्या नोंदींना हा नियम उपयोगी पडतही असेल. इथे मात्र तो आकडा म्हणजे एका बाईची सरकारदरबारची ओळख आहे. इनुइटांमध्ये आडनावाची पद्धत नव्हती, म्हणून कॅनडा सरकारने १९४० च्या दशकापासून त्यांना क्रमांक कोरलेले बिल्ले वाटले. ते गळ्यात घालायचे नाहीतर कपड्यावर शिवायचे. ‘ई’ म्हणजे पूर्व, ‘डब्ल्यू’ म्हणजे पश्चिम, लगेचचा आकडा विभागाचा आणि रेघेपुढचा माणसाचा. १९७० च्या सुमारास आडनावे नोंदवण्याची मोहीम झाली, तेव्हा हे बिल्ले मागे पडले. ‘माझ्या आईचे नाव’ असे सांगून गायिकेने जो क्रमांक लिहिला, तो नको असलेला मजकूर म्हणून गाळणे ही साधी टंकनचूक नव्हे. एका अल्बमपुरता अपवाद टाकून भागणार नाही. वितरकाने वेगळ्या रकान्यात पाठवलेला कॅटलॉग क्रमांक तंतोतंत जुळला, तरच शीर्षकातून काही कापले जावे.

एलिसापी यांचे पान तर मुळापासून तपासावे लागेल. त्यांचे सालुइत गाव तुम्ही नुनावुतमध्ये टाकले आहे. ते नुनाविकमध्ये, म्हणजे क्वेबेक प्रांताच्या उत्तर टोकाला, हडसन सामुद्रधुनीजवळ आहे. नुनावुत हा १ एप्रिल १९९९ रोजी अस्तित्वात आलेला वेगळा प्रदेश. त्यांच्या २०२३ च्या ‘इनुक्तितुत’ या अल्बममध्ये गाजलेली १० रॉक-पॉप गाणी त्यांच्या मातृभाषेत, म्हणजे इनुक्तितुतमध्ये, आहेत. मेटॅलिका आणि ब्लाँडी यांची गाणीही त्यांत आली. शीर्षक आधी इनुक्तितुतमध्ये आणि कंसात मूळ इंग्रजी, अशी त्यांची मांडणी आहे. तुम्ही कंसातले ठेवले आणि बाहेरचे काढून टाकले. परिणामी ही गाणी ‘कॅराओके व नकला’ या यादीत गेली, आणि शब्दांच्या चौकटीत मूळ इंग्रजी ओळी सरकतात. गायिका एक गाते, पडद्यावर दुसरेच. कारण उघड आहे. आयएसडब्ल्यूसी हा रचनेचा क्रमांक, आयएसआरसी हा ध्वनिमुद्रणाचा. तुमची यंत्रणा शब्द रचनेच्या क्रमांकावरून, तोही मूळ गाण्याच्या, उचलते आहे. शब्द १२ अक्षरी आयएसआरसीला जोडले तर हा घोळ होणार नाही. याच अल्बमला कॅनडाचा २०२४ चा जूनो संगीत पुरस्कार मिळाला. नकलांच्या यादीत तो कुणाला सापडणार?

त्यांच्या २०१८ च्या अल्बममधले ‘ऊना’ हे जन्मदात्या आईला उद्देशून गायलेले गाणे तुमच्याकडे ‘स्पॅनिश’ आहे. एका शब्दाच्या शीर्षकावरून भाषा ओळखायला यंत्र बसवले की असे व्हायचेच. भाषा वितरकाच्या रकान्यातून घ्या; इनुक्तितुतला ‘आययू’ हा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्याच अल्बममध्ये विली थ्रॅशर यांचे एक गाणे आहे, पण गीतकार म्हणून तुम्ही एलिसापींचेच नाव लावले आहे. थ्रॅशर अक्लाविकचे, जन्म १९४८, मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळेत वाढलेले. त्यांचा ‘स्पिरिट चाइल्ड’ हा अल्बम १९८१ मध्ये आला. पुढच्या पिढीने त्यांचे गाणे गाणे हाच इथे वारसा आहे, आणि रचनेचे मानधनही त्या नावावर अवलंबून असते. खुद्द थ्रॅशर यांना तुमच्या वर्गवारीने आडनावावरून ‘थ्रॅश मेटल’मध्ये नेऊन बसवले आहे. ऐकणाऱ्याने गिटार ऐकून काय समजायचे ते समजावे.

अजाजा या इनुइटांच्या जुन्या गीतप्रकारातल्या गाण्यांखाली सरसकट ‘पारंपरिक’ लिहिले आहे. या परंपरेत गाणे व्यक्तीचे असते. दुसऱ्याचे गाताना ते कुणाचे हे सांगायची रीत आहे, आणि सीडीबरोबरच्या पुस्तिकांत ही नावे सहसा छापलेली असतात. रकाना रिकामा दिसला की ‘पारंपरिक’ भरायचा नियम काढून टाका.

आता आवाज. या विभागात ‘आवाज स्वच्छता’ सक्तीने चालू असते, बंद करण्याची सोय नाही. कताज्जाक या कंठगायनात दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात. एक छोटा आकृतिबंध म्हणते, दुसरी क्षणभराने त्यातल्या रिकाम्या जागा भरते, आणि श्वास घेतानाचा ध्वनी सोडतानाच्या ध्वनीइतकाच गाण्याचा भाग असतो. तुमची गाळणी तो खरखर समजून दाबते, त्यामुळे ठेक्याचे अर्धे ठोके नाहीसे होतात. शेवटी जी आधी हसते किंवा दमते ती हरते. ते हसू ‘बोलणे’ ठरवून कापले आहे, म्हणजे खेळाचा निकालच कापला. या ध्वनिमुद्रणांवर गाळणी आणि शेवटची छाटणी, दोन्ही बंद हवीत. शिवाय ही गाणी सैबेरियातल्या तुवाच्या कंठगायनाच्या यादीत घातली आहेत. तिथे एकच गायक आधारस्वर धरून वरचे उपस्वर फोडतो. तंत्र वेगळे, प्रदेश वेगळा. २०१४ मध्ये क्वेबेकने नुनाविकच्या कताज्जाकला अमूर्त वारशाचा दर्जा दिला, निदान ती नोंद तरी पानावर असायला हवी होती.

विभागाच्या चित्रात टोटेमचा खांब आहे. तो प्रशांत किनाऱ्यावरच्या हैदा, त्लिंगित आदी लोकांचा, इनुइटांचा नव्हे. त्याऐवजी किलाउत हा चामड्याचा, कडेवर काठी मारून वाजवायचा डफ दाखवता येईल.

आमची मागणी : वरील नोंदी दुरुस्त कराव्यात, दुरुस्तीआधीच्या आणि नंतरच्या नोंदी आम्हाला पाठवाव्यात, ‘तपासलेली माहिती’ हे शब्द तोवर जाहिरातीतून काढावेत आणि या विभागासाठी घेतलेली जादा वर्गणी परत करावी. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

सोबत : पडद्याची छायाचित्रे, वर्गणीच्या पावत्या, सीडी-पुस्तिकांच्या संबंधित पानांच्या प्रती.

आपले,
लोकसंगीत विभागाचे वर्गणीदार, पुणे