नाद

इचलकरंजी
शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

सुऱ्या,

आठ महिने झाले. तुझ्या चार मेसेजना मी मोबाईलमधला अंगठा पाठवला, पाचवा तू पाठवला नाहीस. बरोबरच केलंस. फोन दोनदा हातात घेतला होता. पण फोनवर आपलं पुन्हा वाजलं असतं, आणि दुसरं म्हणजे उजव्या कानाला मोबाईल लावला की समोरच्याचे शब्द मला अर्धेच कळतात. 'स' आणि 'श' तर गेलेच. तुझ्या नावातलं पहिलंच अक्षर गेलं बघ. म्हणून पत्र. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण माझ्या वह्या तूच उतरवून घ्यायचास, तेव्हा तक्रार नको.

तब्येत: बीपीची गोळी चालू, साखर काठावर, मेंदूचा एमआरआय झाला, आत काही सापडलं नाही. यावर तू जे बोलणार आहेस ते मी दहावीपासून ऐकतोय.

उजव्या कानात आवाज आहे. सगळे शिट्टी म्हणतात, पण शिट्टी नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तो बारीक 'स्स्स' येतो ना, तो. पुढे शिट्टी होत नाही आणि कुकर कुणी उतरवतही नाही. डाव्या कानातही आहे, पण तो पाहुण्यासारखा, येऊन जाऊन. उजव्यातला घरजावई.

सुरू कधी झाला ते तुला माहीत आहे. पिंकीच्या हळदीच्या रात्री. थांब, तिथं येतो. आधी मिरज.

मिरजेला कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज आला की दाबायचं. मी आपला दाबतोय. बाहेरची पोरगी दार उघडून म्हणते, "काका, मी अजून आवाज सोडलाच नाही." मी माझ्याच कानातल्या आवाजाला बटण दाबत होतो! ती म्हणाली, असं बऱ्याच जणांचं होतं. मग तिने तुटक तुटक आवाज सोडले, तेव्हा कुठं तिचा कोणता आणि माझा कोणता ते कळलं.

आलेख निघाला. रेघ बरी चालत येते आणि ४००० हर्ट्‌झला पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या उतरल्यासारखी खाली जाते, पुढे परत थोडी वर. डॉक्टरांनी कागद बघितला आणि विचारलं, "मागाच्या कारखान्यात होता का?" मी तोंडही उघडलं नव्हतं. मर्दा, पिंगळा लाजेल. कुठल्याही दणक्याच्या आवाजाने गेलेला कान आधी तिथंच खचतो म्हणे. कानाच्या आत केसासारख्या पेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार, आणि माणसात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. तिकडून निरोप येईनासा झाला की मेंदू आपला आवाज वाढवत बसतो. स्टेशन लागेना म्हणून आपण तुमच्या ओसरीवरच्या रेडिओचे कान पिळायचो, आणि स्टेशनाऐवजी नुसती खरखर मोठी व्हायची, ते आठव. ती खरखर आता माझी.

औषध नाही. झोप चांगली हवी, रात्री पंखा चालू ठेवा, कानाला मशीन लावा, आणि त्याच्याकडे लक्ष न देण्याची सवय करा. मी म्हटलं, लक्ष न देण्याची सवय आहे मला, हिला विचारा. मंदा हसली नाही.

मग तो प्रश्न. "घेता का?" मी म्हटलं, "कधीतरी." मंदा म्हणाली, "कधीतरी म्हणजे कधी, तेही विचारा."

सुऱ्या, मला वाटलं होतं डॉक्टर आता सोडा म्हणून सांगतील आणि विषय संपेल. ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, दारूचं आणि या आवाजाचं नातं सरळ नाही. काहींचा वाढतो, पुष्कळांना काही फरक पडत नाही, काहींचा तात्पुरता कमीही होतो. तुमचं काय होतं ते तुम्हीच लिहून बघा. झोपेची गोळी आठ दिवसांसाठी दिली आणि बजावलं, हिची आणि बाटलीची गाठ घालायची नाही, श्वास मंदावतो. माझ्याकडे बघून नाही, मंदाकडे बघून.

मग वही घातली. कामगारांच्या पगाराची जुनी वही होती, माग भंगारात घातले तेव्हापासून कोरीच पडलेली. नावाच्या रकान्यात पेग, मीटरच्या रकान्यात आवाज, दहापैकी. सात आठवडे. मंदाला वाटलं मी पुन्हा धंदा काढतोय.

ऐक हिशेब. दोन पेग घेतले की अर्ध्या तासात सहाचा तीन होतो. खोटं सांगत नाही, कुणीतरी कुकर खाली घेतल्यासारखं वाटतं. झोपही चटकन लागते. आणि बरोबर अडीच-तीनला जाग येते, तोंड कोरडं, छाती धडधडतेय, आणि कानात आठ. मग सकाळपर्यंत छताशी गप्पा. दुसरा अख्खा दिवस सात. तो सात खाली आणायला संध्याकाळी काय लागतं, ते तुला सांगायला नको.

याचं कारणही विचारलं. दारू मेंदूत शांत करणारं रसायन जोरात आणते आणि चेतवणारं दाबून धरते. अंगातून उतरली की दाबून धरलेलं उसळी मारतं. झोपेचा दुसरा भाग त्यातच फाटतो. आणि न झोपलेल्या माणसाला हा आवाज दुप्पट मोठा. म्हणजे संध्याकाळी सातला मी जे उसनं घेत होतो ते पहाटे तीनला व्याजासकट वसूल व्हायचं. तू बँकेत होतास, तुला हे कळेल.

पण सगळं असं जुळलं असतं तर बरं झालं असतं. अकरा दिवस शून्य पेग. पहिल्या तीन रात्री वाईट, पाचव्या दिवसापासून आकडा चारवर. आणि नवव्या दिवशी एकदम आठ! का? तर दुपारी विक्याशी घराच्या वाटणीवरून खणाखणी झाली होती. उलट मेव्हण्याच्या साठीला तीन पेग झाले आणि दुसऱ्या दिवशी काही नाही, चारच. बिअर घेतली तरी तेच, वर रात्रभर मोरीच्या फेऱ्या. वही एवढंच सांगते की रोज घेतली की रोज वाढतो. एखाद्या दिवसाचं ती काही सांगत नाही.

मंदाच्या नात्यातले वैद्य येऊन गेले. आयुर्वेदात याला कर्णनाद म्हणतात म्हणे. मी म्हटलं, वैद्यबुवा, आमच्या कोल्हापूर भागात नाद दोन, एक कानात असतो आणि एक करायचा नाही म्हणून बजावतात. मला दोन्ही आहेत. त्यांनी तेल घालायला सांगितलं. मंदाने घातलं. काही झालं नाही, उशी तेवढी तेलकट झाली.

हो, तुझ्या कॅसेटीतला तो बीथोव्हेन. त्याचंही हेच होतं. १८०१ मध्ये, तिशीत, त्याने वेगेलर नावाच्या दोस्ताला पत्र लिहिलं की कान रात्रंदिवस गुणगुणतात. दोस्त डॉक्टर होता. आणि त्याच पत्रात विनवलंय, माझ्या या अवस्थेबद्दल कुणाला बोलू नकोस. विक्याने मोबाईलवर दाखवलं. तू तो लावलास की मी "बंद कर ते रडगाणं" म्हणायचो, ते मागे घेतो. आणि वहिनींना यातलं काही सांगू नकोस.

दारूवरून आठवलं. शिरोळला तुझ्या मामाच्या मळ्यात आपण पहिल्यांदा घेतली, आणि बाज फिरतेय बाज फिरतेय म्हणून तू उसात जाऊन ओकलास. बाज का फिरते ते आता कळलं. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक लिबलिबीत पडदा द्रवात बसलेला असतो. दारू आधी त्या पडद्यात शिरते, तो द्रवापेक्षा हलका होऊन तरंगतो, आणि आडवं झालं की मेंदूला वाटतं आपण फिरतोय. उतरताना ती आधी पडद्यातून निघते, तो जड होतो, आणि सगळं उलट्या बाजूने फिरतं. चाळीस वर्षांनी शास्त्र कळलं. तुझं ओकणं शास्त्रोक्त होतं.

आता हळदीची रात्र.

डीजेच्या भिंतीसमोर मी उभा होतो, चार पेगवर. तू दंडाला धरून ओढत होतास. मी तुला ढकललं. पाहुण्यांसमोर, तुझ्या पोरीच्या लग्नात. याची माफी मागायला आठ महिने लागले याचीही माफी माग, असं तू म्हणणार. मागितली. डॉक्टर म्हणाले, मोठा आवाज आला की कानातला एक इवलासा स्नायू आकसून आतल्या भागाला वाचवतो, आणि दारूने तोच ढिला पडतो. वर ऐकूही थोडं कमी येतं, विशेषतः खर्जातलं, म्हणून माणूस भोंग्याच्या आणखी जवळ सरकतो. म्हणजे दरवान झोपलेला आणि चोराला मीच घरात बोलावतोय. पण माग चालवून आधीच खचलेला कान होता, एका रात्रीचं पाप नाही सगळं. पिंकीला सांग, तिच्या लग्नाला दोष नाही.

तू तेव्हा काय काय ओरडलास ते मला त्या दणदणाटात ऐकू आलं नाही. मध्येच गाणं बदललं आणि दोन शब्द तेवढे स्वच्छ ऐकू आले. "बापावर गेलास."

मी फोन उचलत नव्हतो तो याच्यासाठी. आता लिहितोय तोही याच्याचसाठी.

कारण सुऱ्या, मी खरंच आबांवर गेलोय, पण आपल्याला वाटलं तसा नाही. मागाच्या शेडमध्ये बोलायचं तर ओठ वाचायला लागायचे, हाताच्या खुणा लागायच्या, तूही शिकला होतास. असा आवाज ९५-१०० डेसिबलचा. सरकारी नियमात ९० असेल तर आठ तास, आणि पुढे दर पाच डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला दोन तास. आबांनी बारा तासांच्या पाळ्या केल्या, ३५ वर्षं. कापसाचा बोळासुद्धा कानात नव्हता.

आणि आता आठव, आबा कधी घ्यायचे? माग चालू असताना कधी नाही. पाळीवरून आल्या आल्या पण नाही. लाईट गेली की! गल्लीतले सगळे माग एका क्षणात थांबायचे, आपण दोघं बोंबलत बाहेर पळायचो, कारण या गावात शांतता म्हणजे सण, आणि आबा कोनाड्यातली बाटली काढायचे. आई म्हणायची, काम थांबलं की ह्यांना सुचतं. तू निमित्त म्हणायचास. परवा रात्री लाईट गेली, पंखा थांबला, घर गप्प झालं, आणि माझ्या कानात जे उठलं ना मर्दा, मी अंधारात कपाटापर्यंत गेलो होतो. कपाटाच्या दारावर हात ठेवल्यावर आबा आठवले.

मी त्यांना सोडवत नाहीये. आईच्या पाटल्या गेल्या, माझी कॉलेजची फी गेली, ती काही कानातल्या आवाजाने नेली नाही. तू त्यांची बाटली मोरीत ओतलीस म्हणून मी महिनाभर तुझ्याशी बोललो नव्हतो, ते माझंच चुकलं होतं. आणि बाप औषध म्हणून प्यायचा असं वाटणं मला आता किती सोयीचं आहे, तेही मला दिसतं. दारूने आवाज वाढतो हे त्यांनाही कळलं असेल. किंवा नसेल. त्यांच्याकडे वही नव्हती.

तुझा गुडघा कसा आहे? जिना सोड, लिफ्ट वापर. पिंकीला थंडी सोसते का तिकडे? जावईबापूंना माझा नमस्कार, त्यांनी मला नाचताना बघितलंय ते विसरले असतील तर. तुझ्या सासूबाईंचं कळलं, मी यायला हवं होतं. सविस्तर पुढच्या पत्रात.

मूळ काम राहिलं. दहावीच्या सुट्टीत एका रात्री लाईट गेली आणि आबा कंदील घेऊन आपल्याला शेडमध्ये घेऊन गेले. माग बंद, धोटे जागेवर. मागावर हात ठेवून ते म्हणाले, "चालू आहे का रे हा?" आपण हसलो. त्यांनी तुला जवळ घेतलं, तुझा कान मागाच्या लोखंडाला टेकवला आणि तुला काहीतरी म्हणाले. मी दारात होतो, मला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की तू हसायचा थांबलास. घरी जाईपर्यंत तू काही बोलला नाहीस, आणि मी कधी विचारलं नाही.

काय म्हणाले होते ते?

पत्रानेच कळव. फोन नको.

तुझा,
बाळ्या

ता. क. आज पेग शून्य, आवाज सात. थंडी वाजतेय म्हणून मंदा आत्ता पंखा बंद करून गेली.