‘द्रव आहार’ एवढेच लिहून भागत नाही

संपादक महोदय,

तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी जाणाऱ्या रुग्णाच्या कागदावर ‘द्रव आहार’ असे लिहिलेले असते. तो कशाने भरवायचा, हे सांगायचे राहून जाते. मग घरचे स्ट्रॉ देतात आणि नेमकी तीच नको असते. ओढून पिताना जखमेवरची रक्ताची गुठळी निसटू शकते, टाक्यांवर ताण येतो. ओठ बधिर असेल तर मुळात ओढताच येत नाही.

जबडा तारांनी बांधला असेल तर ५० ते ६० मिलीची, रुंद तोंडाची सिरिंज घ्यावी. इंजेक्शनच्या बारीक टोकात गाळलेले मिश्रणही अडकते. टोकाला पाच-सात सेंटिमीटर मऊ नळी बसवावी. नळीची कापलेली कड टाक्यांना ओरखडणारी नको. रुग्णाला ताठ बसवून, जखम नसलेल्या बाजूने, गाल आणि दात यांच्या मधून नळी मागे सरकवावी. एका वेळी ५ मिली सोडावे आणि ते गिळून झाल्यावरच पुढचे.

घात करतो तो दट्ट्या. धुऊन धुऊन त्याच्या रबराचा गुळगुळीतपणा जातो आणि तो अडकू लागतो. जोर लावला की एकदम सुटतो आणि २० मिली एका दमात घशात! ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेतही जाऊ शकते. अडकणारी सिरिंज सरळ टाकून द्यावी, इथे काटकसर नको. मिश्रण कोमटच हवे, कारण बधिर ओठाला चटका कळत नाही.

जिभेची मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांना मात्र गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नये. त्यांना बहुधा नाकातून पोटात जाणारी नळी असते. प्रत्येक वेळी नळीवरची खूण जागेवर आहे ना, हे आधी पाहावे. मिश्रण ढकलू नये, उंचावरून आपोआप उतरू द्यावे. शेवटी डॉक्टरांनी सांगितले तेवढे पाणी सोडावे, साधारण ३० मिली. नळी तुंबते ती बरेचदा गोळ्यांच्या भुकटीने. काही गोळ्या कुटायच्याच नसतात, म्हणून औषध पातळ मिळते का ते विचारावे.

रुग्णालयांनी घरी सोडण्याआधी एक वेळचे भरवणे नातेवाइकांच्या हातून, परिचारिकेसमोर करून घ्यावे; सोबत नळी आणि दोन सिरिंजा द्याव्यात. तारांनी जबडा बांधलेल्या रुग्णाला तारा कापायची कात्रीही द्यावी आणि उलटी झाल्यास कोणत्या तारा कापायच्या, हे दाखवावे.

– मुखशस्त्रक्रिया विभागातील परिचारिका